आंब्याखालचं ठिपक्यांचं झाड

आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात ऊन दिवसातून दोनदा यायचं. सकाळी कपडे धुण्याच्या दगडावर, तेही तांब्याभर, आणि दिवस मावळताना कुंपणाच्या तारेवर. मधला सगळा वेळ सावली. ती सावली आमची नव्हती. कुंपणापलीकडे एक जुना रायवळ आंबा होता, त्याची होती, आणि आंबा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा होता. कारखान्यासाठी जमिनी घेतल्या तेव्हा त्याचं निम्मं रान वसाहतीत गेलं, ओढ्याकडचं निम्मं राहिलं, आणि तारेचं कुंपण नेमकं आंब्याच्या बुंध्याला घासून गेलं. खोड त्याच्याकडे, फांद्या आमच्याकडे.

आईला त्या आंब्याचा राग होता. पिंपरीला येण्याआधी आईवडील नाशिकला दोन खोल्यांत राहत होते. आता अंगण मिळणार म्हणून आईने मनातल्या मनात गुलाब, मोगरा, टोमॅटो सगळं लावून टाकलं होतं. इथे गुलाब नुसता उंच आणि फिका वाढला, मोगऱ्याला पानंच पानं आली, टोमॅटोने फूल धरलं नाही. मोरीच्या पाण्यावर अळू तेवढं माजलं. "आठवड्यातून किती वेळा अळूचं फदफदं खायचं माणसानं?" असं ती अळू चिरताना विचारायची, आणि विचारताना आमच्याकडे नाही, आंब्याकडे बघायची.

मी त्या वर्षी शाळा संपवून घरी आले. पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात माझी बरीच वर्षं गेली होती. येताना माझ्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि बिस्किटांच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मुळी होती. आईने डबा उघडला आणि म्हणाली, "बिस्किटं कुठायत?"

ती मुळी आम्हांला भूगोल शिकवणाऱ्या सिस्टरने दिली होती. शाळेच्या प्रार्थनाघरामागे उत्तरेच्या भिंतीला लागून तिचा एक वाफा होता. तिथेही ऊन नसे. त्या वाफ्यात नेचे होते, आणि त्यांच्यामध्ये एकच एक बुटकं झाड होतं, लांबट, खरबरीत, केसाळ पानांचं. हिरव्या पानांवर पांढरे ठिपके, जणू रंगकाम चालू असताना कुणी चुन्याचा कुंचला झटकला असावा. हे लंगवर्ट. सिस्टरच्या देशात ते रानात उगवतं. एका थंड हवेच्या ठिकाणच्या शाळेत तिला ते मिळालं आणि तिथून ती ते पुण्याला घेऊन आली. तिकडच्या लोकांना पूर्वी वाटायचं की हे पान फुप्फुसासारखं दिसतं, म्हणजे ते फुप्फुसावरचं औषधच असणार. म्हणून हे नाव. "औषध म्हणून मला काही माहीत नाही," सिस्टर म्हणाली होती, "पण फुलं बघ. उमलताना गुलाबी असतात आणि मग निळी होतात. एकाच देठावर दोन्ही."

वाफ्याला पाणी घालायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. शेवटच्या दिवशी सिस्टरने जेवणाच्या टेबलावरची सुरी आणली, झाड उपटलं आणि मुळीचे सरळ दोन भाग केले. "अर्धं तुझं, अर्धं माझं. माझं मेलं तर तू मला अर्धं द्यायचंस. तुझं मेलं तर मी देईन. सावली दे, ओलावा दे, आणि सारखी हात लावू नकोस."

सावली तर आमच्याकडे मुबलक होती. मुळी मी कुंपणापासून दोन हातांवर, आंब्याच्या सर्वांत दाट फांदीखाली लावली. आईने विचारलं, "हे कसलं?" मी म्हटलं, "शाळेतलं झाड आहे." एवढंच. ठिपक्यांबद्दल, फुलांबद्दल, सिस्टरशी झालेल्या कराराबद्दल मी काही बोलले नाही. तसं न सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मला बोलायला वेळ लागे. शाळेत दिवसभर इंग्रजी, मराठी फक्त सुट्टीत घरी. त्यामुळे बाहेरच्या माणसाशी बोलायचं म्हणजे वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. वसाहतीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं की मी शिष्ट आहे. एका परीने ते सोयीचंच झालं.

एप्रिल संपता संपता झाडाची दोनच पानं उरली. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी घालत होते. एका दुपारी मी वाकून तांब्या रिकामा करत असताना कुंपणापलीकडून आवाज आला, "बाय, पानी पाजतीस का बुडवतीस त्येला?"

आंब्याखाली तो म्हातारा भाकरी खात बसला होता. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, मांडीवर फडकं, फडक्यावर भाकरी, कांदा. वसाहतीत सगळे त्याला बाबा म्हणत. रोज दुपारी तो तिथेच जेवायचा आणि मग बुंध्याला पाठ लावून झोपायचा. मी रोज त्याला बघत होते, पण तोही मला बघत असेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला.

"वर घातलेलं पानी वरच उडून जातंय," तो म्हणाला. "मुळीला काय मिळतंय? चिखुल."

दुसऱ्या दिवशी तारेच्या अलीकडे एक माठ ठेवलेला दिसला. काठाचा टवका उडालेला, उन्हाळे बघून बघून काळपटलेला. असा माठ पाणी गार करेनासा झाला की लोक टाकून देतात. बाबा पलीकडे उभा होता. त्याने मला हातानेच दाखवलं: झाडाशेजारी खड्डा कर, गळ्यापर्यंत पूर, पाण्याने भर, वर कौल झाक. मी सगळं केलं. तो तारेवरून वाकून बघत होता.

"बस. आता त्येला तहान लागंल तवा त्यो पिईल. तू मदी पडू नगं."

सिस्टर जे इंग्रजीत म्हणाली होती तेच हा मराठीत म्हणत होता. मला ते त्याला सांगावंसं वाटलं. पण मी म्हटलं, "बरं."

मे महिना झाडाने त्या दोन पानांवर काढला. मी चार काठ्या रोवून वर गोणपाट बांधलं होतं, त्यामुळे कुंपणापलीकडून गोणपाटाशिवाय काही दिसत नसे. आई त्याला "हिचा तंबू" म्हणायची. माठाला दोन दिवसांआड पाणी लागे. वडील कारखान्यातून आले की चहाच्या आधी मागच्या दारी येऊन विचारायचे, "काय म्हणतोय पेशंट?"

वडिलांचा कारखाना औषधाचा होता. मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची आणि तिच्यातून औषध काढायचं, असं ते काम होतं. वडील त्या बुरशीबद्दल असं बोलायचे, की जणू ती एखादी नाजूक तब्येतीची आत्या आहे. तिला काय खपतं, काय खपत नाही, किती अंशाला ती रुसते. आईचं लोणचं एकदा बुरसलं तेव्हा ते म्हणाले, "टाकू नकोस, त्याच्यावरच आपलं घर चालतंय." आईने बरणीसकट लोणचं टाकलं.

पावसाळ्यात मी झाड उपसून कुंडीत लावलं, तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे घातले आणि कुंडी मागच्या पडवीत आडोशाला ठेवली. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात ऐकलेलं "बुडवतीस" डोक्यात राहिलं होतं, एवढंच. दसऱ्यानंतर ते पुन्हा आंब्याखाली, माठाशेजारी लावलं. थंडी पडली तशी त्याने एकदम अंग धरलं. एकाला दोन, दोनाला चार अशी पानं आली, चांगली वीतभर, आणि प्रत्येकावर ते पांढरे ठिपके. आता तंबूही नव्हता. सकाळी दात घासताना मी त्याच्यासमोर उभी राहायचे. मला ते फार देखणं वाटायचं.

दिवाळीनंतर सिस्टरचं पत्र आलं. तिचं झाड पावसात कुजून गेलं होतं. जानेवारीत तिची बदली पुन्हा डोंगरातल्या शाळेत होणार होती आणि आता ती बहुधा तिथेच कायमची राहणार होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: तुझं जिवंत असेल तर मी निघण्यापूर्वी अर्धं आणून दे. नसेल तरी ये, आपण नेच्यांना पाणी घालू.

मी उत्तर पाठवलं की जिवंत आहे, छान आहे, आणते. त्या "छान" या शब्दाखाली मी रेघ मारली. तिच्यासाठी एवढं एक काम माझ्या हातून व्हायचं होतं, आणि ते झाल्यातच जमा आहे असं मी धरून चालले.

डिसेंबरात एक दिवस मी पुण्याला कॉलेजची चौकशी करायला गेले. संध्याकाळी परत आले, पाय धुवायला मागे गेले, आणि आंब्याखाली काही नव्हतं. म्हणजे माठाचं कौल होतं, ओली माती होती, आणि मातीतून वर आलेले बोटाच्या पेराएवढे देठाचे खुंट होते. एकही पान नव्हतं.

आई पोळ्या लाटत होती. "अगं, त्या तुझ्या झाडावर रोग पडला होता," ती आतूनच म्हणाली. "पांढरे पांढरे डाग, बघितलेस ना? पलीकडच्या बाबांनी ओळखला. भुरी म्हणतात त्याला. मीच म्हटलं, काढा बाई लवकर, नाहीतर पोरगी हळहळेल. एक तास बसले होते बिचारे. एकेक पान खुडून लांब ओढ्याकडे नेऊन जाळलं. चहा दिला मी त्यांना."

"बघितले होते," मी म्हटलं.

"मग सांगायचं नाही का? मी तरी हळदीचं पाणी शिंपडलं असतं."

भुरी काय असते ते मला माहीत नव्हतं. वडिलांनी जेवताना सांगितलं. थंडीत पिकाच्या पानांवर पांढरी भुकटी धरते, तीही एक प्रकारची बुरशीच. बाबा पलीकडच्या रानात मंडईसाठी वाटाणा करायचा, आणि आदल्या वर्षी त्याचा निम्मा वाटाणा भुरीने गेला होता. "म्हणजे तो माणूस पांढरा ठिपका बघून घाबरणारच," वडील म्हणाले. "पण तुझ्या पानांवर होतं ते काय होतं?"

"ते तसंच असतं," मी म्हटलं. "त्याचा रंगच तो असतो."

वडिलांचा घास हातातच राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग ताटाकडे. "अगोबाई," ती हळूच म्हणाली. "आणि मी चहा दिला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा तारेपाशी आला तो माझीच वाट बघत असल्यासारखा. चेहरा नुसता फुललेला. "एक पान ठिवलं न्हाई बघ! खालचंबी काढलं. आता बिनघोर ऱ्हा."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. खरबरीत पानांच्या केसांनी त्याची बोटं लाल झाली होती. एक तास, एकेक पान. मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण त्या बोटांवर कसं रागवणार? आणि खरं सांगितलं असतं तर त्याचा चेहरा पडला असता. मी म्हटलं, "बरं."

हे "बरं" मला महागात पडलं.

पंधरा दिवस मी त्या खुंटांना पाणी दिलं. म्हणजे माठाला दिलं. सिस्टरला काय कळवायचं याची पत्रं मनात लिहिली आणि मनातच फाडली. नाताळच्या सुमाराला एका सकाळी खुंटांच्या मधून हिरवी टोकं वर आलेली दिसली. आठवड्याभरात पानं उलगडली. आधीच्या पानांपेक्षा ताजी, जास्त रुंद, आणि ठिपके तर असे ठसठशीत की लांबून उठून दिसावेत. मी इतकी आनंदले की आईला हाक मारून दाखवलं. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "फुप्फुस असं दिसतं?" तिने विचारलं. मी तिला आता सगळं सांगितलं होतं, नावासकट. "मग आपला अडुळसा बरा. निदान खोकला तरी जातो."

पण लांबून उठून दिसणारे ते ठिपके कुंपणापलीकडूनही दिसले. सिस्टर रविवारी निघणार होती. गुरुवारी संध्याकाळी बाबा आला. या वेळी चेहरा फुललेला नव्हता.

"बाय, पुन्ना आली की गं ती. म्या म्हनलं व्हतं पानं काढून भागंल. न्हाई भागलं. मुळात शिरलीया." तो तारेला धरून उभा होता. "माझा वाटाना फुलावर आलाय. खालच्या चार वेलींवर उठलीबी. वारं हिकडनं तिकडं वाहतंय. उद्या सकाळी कुदळ घिऊन येतो, मुळासकट काढू आन् जाळू. तुझ्या आईला सांगून ठिव. दुसरं लई झाक झाड आनून दीन तुला, अं?"

ते तो इतक्या मऊपणाने म्हणाला, की जणू माझ्या घरातलं कुणीतरी वारणार होतं. मी तोंड उघडलं. वाक्य जुळेना. तो मान हलवत गेला.

त्या रात्री जेवताना मी वडिलांना म्हटलं, "तुम्ही सांगाल का त्यांना?"

"माझी उद्या पहिली पाळी. सहाला मी कारखान्यात."

"मग आता?"

वडिलांनी आमटीत भात कालवला. "सांगता येईल. पण मी सांगितलं तर त्याला वाटेल, साहेब झाडाची बाजू घेतोय. त्याचं पीक आहे गं. त्याला खात्री पटायला हवी, हुकूम नको. आणि झाड तुझं आहे." मग म्हणाले, "मी तुझ्या वतीनं बोलायला तयार आहे. पण मला ती फुलं गुलाबीची निळी होतात ते नीट सांगता नाही यायचं."

शुक्रवारी सकाळी वडील गेले आणि मी झाडाचं एक पान तोडलं. ते सोपं नव्हतं. मग कुंपणाच्या कडेकडेने ओढ्याच्या बाजूला गेले. तिथे तार खाली वाकलेली होती, तिच्यावरून बाबाची शेळी यायची. मीही तिथूनच पलीकडे गेले. आठ-नऊ महिने रोज ते रान बघत होते, पण त्यात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. वाटाण्यावर दव होतं. माझी साडी पोटरीपर्यंत भिजली.

बाबा बांधावर बसून कुदळीचा दांडा ठोकून घट्ट करत होता. मला बघून तो उठलाच. "आगं! तू कशाला आलीस? मीच येतुया न्हवं का."

"बाबा," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं एका दमात आलं, जुळवलेलं नव्हतं तरी. "तो रोग नाही. ते झाड असंच असतं. त्याचे ठिपके जन्माचे आहेत. तुमचा वाटाणा त्याच्यामुळे नाही खराब झाला."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पानाकडे. "तुला बोलता येतंय व्हय?" तो म्हणाला. मग गंभीर झाला. "पोरी, चाळीस वरसं वाटाना करतुया. भुरी मला कळंना?"

"मग तुमच्या वेलीवरचं एक पान दाखवा."

तो चार पावलं गेला आणि खालच्या बाजूचं पान खुडून आणलं. त्याच्यावर पांढरं पांढरं धरलं होतं. खरंच, लांबून बघितलं तर माझ्या पानासारखंच. मला क्षणभर स्वतःचीच शंका आली. पण मी म्हटलं, "आता दोन्हींवर अंगठा फिरवा."

बाबाने वाटाण्याच्या पानावर अंगठा फिरवला. अंगठा पांढरा झाला, भाकरीच्या पिठात बुडवल्यासारखा, आणि पान हिरवं. त्याने अंगठा धोतराला पुसला. मग माझं पान घेतलं आणि एका ठिपक्यावर अंगठा फिरवला. अंगठा बघितला. काही नाही. पुन्हा फिरवला, जोर लावून. थुंकी लावून घासला. धोतराच्या सोग्याने घासला. ठिपका जागच्या जागी. त्याने पान उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरून आरपार बघितलं.

"आयला," तो म्हणाला.

मग बांधावर खाली बसला. "मंजी म्या त्या दिशी चांगली पानं खुडली?"

"हो."

"तासभर?"

"हो."

"आन् तू काय म्हनलीस? 'बरं'!" तो एकदम ओरडला. "आगं, बरं काय? बरं? म्हातारा तुजं झाड भादरतुया आन् तू बरं म्हनतीस? शिव्या घालायच्या व्हत्यास! आमची म्हातारी असती तर तिनं कुदळ हानली असती डोक्यात!"

मी हसले, आणि मग मला रडू आलं, थोडंसंच. मी तोंड फिरवून वाटाण्याकडे बघत राहिले. त्याने ते बघितलं नाही असं दाखवलं. कुदळ उचलून पुन्हा दांडा ठोकू लागला, जरी दांडा कधीचाच घट्ट बसलेला होता.

"मला त्यातलं अर्धं एका बाईंना द्यायचंय," मी म्हटलं. "माझ्या शिक्षिका. रविवारी जाणार आहेत त्या, लांब. त्यांनीच मला दिलं होतं."

"आन् म्या ते जाळाया निघालो व्हतो." तो उठला. "चल. कुदळ नगं, खुरपं घेतो."

आमच्या अंगणात तो पहिल्यांदाच पुढच्या दाराने आला. आईने दार उघडलं आणि तिचा चेहरा खरकन उतरला. "बाबा, मी नंतर सांगणारच होते..." ती म्हणू लागली. तो म्हणाला, "तुमीबी बरंच म्हनला असाल." आईने पदर तोंडाला लावला आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाली.

त्याने खुरप्याने झाडाभोवतीची माती सैल केली, हात घालून गड्डा अलगद वर काढला आणि मुळ्या बोटांनी मोकळ्या केल्या. मी सुरी आणली होती. त्याने ती बघितली आणि बाजूला ठेवली. "कापायचं न्हाई. त्यो स्वताच सुटतुय बघ, कुठं सुटतुय ते." त्याने गड्डा दोन्ही हातांत धरून हलकेच फिरवला. मुळी आपोआप दुभंगली. एक भाग मोठा, एक लहान. तो माझ्याकडे बघत राहिला.

"मोठा त्यांना," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही हसलो.

मोठा भाग त्याने आपल्या मुंडाशाची चिंधी भिजवून तिच्यात गुंडाळला, वरून आंब्याची पानं लावली आणि सुतळीने बांधला. रविवारी मी तो पुण्याला नेला. सिस्टरचं सामान बांधून झालं होतं. तिने सुतळी सोडली, आंब्याची पानं बाजूला केली आणि आतली पानं बघून विचारलं, "ह्याची जुनी पानं कुणी काढली?"

मी घाबरले. "आमचे शेजारी. चुकून."

"चुकून?" तिने एक पान उचलून ठिपके बघितले. "ह्याची जुनी पानं मळकट होतात. ती सगळी खुडली की अशी नवी येतात. फुलं येऊन गेल्यावर खुडायची असतात, एवढंच. मी तुला सांगायला विसरले होते. त्यांना माझ्यातर्फे आभार सांग."

निरोप मी सोमवारी दुपारी तारेवरून दिला. बाबाने भाकरीचा घास चावता चावता ऐकला. मग म्हणाला, "मंजी आमाला आधीच ठावं व्हतं." त्यानंतर आठवडाभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत होता. त्याच्या वाटाण्याच्या चार वेली गेल्या. बाकीचा आला.

आमच्याकडच्या लहान भागाला फेब्रुवारीत फुलं आली. पाच-सहाच, बोटाच्या नखाएवढी. आईने त्यांच्यासमोर पाट टाकून तांदूळ निवडले. गुलाबीची निळी होतात हे तिला स्वतः बघायचं होतं, आणि ती सावलीत बसून निवडू लागली तेव्हा म्हणाली, "इथे गार बरं वाटतं." अळू चिरताना ती आंब्याकडे बघायची ते त्यानंतर कमी झालं.

याला आता तीन हिवाळे झाले. सिस्टरचं पत्र वर्षातून एकदा येतं, त्यात झाडाची हकीकत असते. तिच्याकडचं डोंगराच्या थंडीत खूप पसरलंय. आमचं जागचं फार हललेलं नाही. पण उन्हाळ्यात माठ असतो, पावसाळ्यात पडवी असते, आणि ते टिकून आहे.

दर फेब्रुवारीत बाबा तारेपाशी येतो, दोन्ही हात वर करून बोटं हलवून दाखवतो आणि विचारतो, "काय बाय, खुडू का आता?"

काल आला होता. मी जाऊन बघितलं आणि म्हटलं, "अजून नाही, बाबा. दोन फुलं गुलाबी आहेत. ती निळी होऊ द्या. मग बुधवारी या, आणि देठ मागच्यासारखे फार खाली खुडू नका."

"लई बोलाया लागलीस," तो म्हणाला, आणि आंब्याला पाठ लावून झोपला.